बर्फाखालची चूल

वर्गाच्या भिंतीवर जगाचा नकाशा असेल तर त्याच्यासमोर उभे राहा. युरोप खंड शोधा. आता इंग्लंडच्या वर, थोडे डावीकडे, अटलांटिक महासागरात बोट न्या. उत्तर ध्रुववृत्ताला जवळजवळ टेकलेले एक बेट तुम्हांला दिसेल. हा आइसलंड देश. आइसलंड म्हणजे बर्फाची भूमी. 'बर्फ' आणि 'जमीन' हे दोन्ही शब्द मराठीत आणि उर्दूत सारखेच आहेत. तेव्हा या देशाच्या नावाचा अर्थ तुम्हांला वेगळा सांगायला नको.

आइसलंड क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश आहे. लोकसंख्या मात्र चार लाखांहूनही कमी. आपल्या एकट्या भिवंडी शहरात याहून अधिक माणसे राहतात. देशाचा सुमारे दहावा हिस्सा बारा महिने बर्फाच्या जाड थराखाली असतो. रेक्याविक ही या देशाची राजधानी. डिसेंबर महिन्यात तेथे सूर्य सकाळी अकरानंतर उगवतो आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास मावळतो. जूनमध्ये याच्या अगदी उलट. तेव्हा खरी काळोखी रात्र होतच नाही. रमजान जूनमध्ये आला की तेथील मुसलमानांचा रोजा एकवीस-बावीस तासांचा होतो.

अशा देशात उजेड आणि ऊब या दोन गोष्टी भाकरीइतक्याच गरजेच्या असतात. पण आइसलंडमध्ये कामाला येईल असा दगडी कोळसा नाही. तेलाच्या विहिरी नाहीत. जळणासाठी पुरतील एवढी झाडेही नाहीत. असे असूनही आज तेथील जवळजवळ सगळी वीज कोळशाशिवाय आणि तेलाशिवाय तयार होते. दहापैकी नऊ घरे जमिनीतून आलेल्या गरम पाण्याने उबदार राहतात.

मी हे सातवीच्या वर्गात सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा पटकन म्हणाला, "सर, म्हणजे त्यांची वीज फुकटच की!" वर्ग हसला. मला मात्र त्याचा प्रश्न आवडला. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना, म्हणून हा पाठ लिहिला आहे.

प्रथम ही उष्णता कोठून येते ते पाहू. पृथ्वीचे कवच अखंड नाही. ते मोठमोठ्या तुकड्यांचे बनलेले आहे आणि हे तुकडे अगदी सावकाश हलत असतात. युरोप ज्या तुकड्यावर आहे तो आणि उत्तर अमेरिका ज्या तुकड्यावर आहे तो, हे दोन्ही आइसलंडच्या खाली एकमेकांपासून दूर सरकत आहेत. एका वर्षात सुमारे दोन सेंटीमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढे. या फटीतून पृथ्वीच्या पोटातील वितळलेला खडक वर येऊ पाहतो. जमिनीखाली असतो तोवर त्याला शिलारस म्हणतात. तोच जमिनीबाहेर वाहू लागला की लाव्हारस होतो. जेथून तो बाहेर पडतो तो डोंगर म्हणजे ज्वालामुखी.

आपला सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा आहे त्याला बसाल्ट म्हणतात. आइसलंडही त्याच दगडाचे आहे. फरक फक्त वयाचा. सह्याद्रीचा लाव्हारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजून दगड झाला. आइसलंडमधील काही दगड मात्र तुमच्याहूनही लहान आहेत.

पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी जमिनीत मुरते. खोल गेल्यावर ते तापलेल्या खडकांना भिडते आणि गरम होऊन पुन्हा वर येते. जमिनीतून असे आपोआप वर येणाऱ्या पाण्याला मराठीत झरा म्हणतात. उर्दूत आपण त्याला चश्मा म्हणतो. मराठीत चष्मा हा डोळ्यांवर लावायचा असतो, म्हणून परीक्षेत लिहिताना जपा! गरम पाण्याचे झरे आपल्याकडेही आहेत. ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी-अकलोलीला आणि रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, तुरळ येथे ते पाहायला मिळतात. कोकणात त्यांना 'उन्हाळे' म्हणतात. पण आइसलंडमधील झऱ्यांची तऱ्हाच वेगळी. पश्चिम भागातील एका झऱ्यातून दर सेकंदाला सुमारे १८० लिटर पाणी उसळते, म्हणजे घरातल्या दहा-बारा बादल्या. ते पाणी ९७ अंशांपर्यंत तापलेले असते. त्यात हात घालून पाहण्याची सोय नाही. हेच पाणी ६४ किलोमीटर दूरच्या गावापर्यंत नळाने नेले आहे.

इतके असूनही आइसलंडचे लोक जवळजवळ हजार वर्षे या उष्णतेवर बसून कुडकुडत होते! पहिले वसाहतकरी सुमारे ८७४ साली समुद्रमार्गे तेथे आले. किनाऱ्यावरून वर चढणारी वाफ पाहून त्यांना तो धूर वाटला, असे सांगतात. म्हणून त्या जागेचे नाव पडले रेक्याविक, म्हणजे धुराचे आखात. लोकांनी दगड आणि गवताळ मातीची ढेकळे रचून घरे बांधली. होती ती थोडी झाडे तोडून संपवली. मग गोठ्यात साचलेले मेंढ्यांचे शेण तुकडे करून वाळवायचे आणि तेच जाळायचे. आपल्याकडे गोवऱ्या जाळतात तसेच. गरम झऱ्यांचा उपयोग अंघोळीसाठी, कपडे धुण्यासाठी आणि कोठे कोठे गरम मातीत भांडे पुरून पाव भाजण्यासाठी होई. तेराव्या शतकात स्नोरी स्तुर्लुसोन नावाचा मोठा लेखक होऊन गेला. त्याने स्नानासाठी वापरलेले गरम पाण्याचे कुंड अजून दाखवतात. झऱ्याचे पाणी वाहवत नेऊन घर गरम करावे, हे मात्र फार उशिरा जमले. लांबचे नळ हवेत, ते गंजता कामा नयेत, आणि वाटेत पाणी थंडही होता कामा नये. हे साधायला विज्ञान लागते आणि पैसाही लागतो.

रेक्याविकमधील बायका कपड्यांची ओझी घेऊन गावाबाहेरच्या गरम झऱ्यांवर धुणे धुवायला जात. वाट सुमारे तीन किलोमीटरची. हिवाळ्यात बर्फातून आणि अंधारातून जावे लागे. शहरातील सर्वांत गजबजलेल्या रस्त्याचे नाव आजही 'झऱ्यांकडे जाणारा रस्ता' या अर्थाचे आहे. तेथे आता दुकाने आहेत. त्या वाटेने भिजलेल्या कपड्यांचा भार वाहून आणणाऱ्या बायकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. झऱ्याच्या काठावर तोल जाऊन काही जणी उकळत्या पाण्यात पडल्या आणि दगावल्या. पुढे झऱ्यांवर लोखंडी जाळ्या बसवण्यात आल्या.

याच झऱ्यांपाशी १९२८ मध्ये विंधन विहिरी खोदायला सुरुवात झाली. विंधन विहीर म्हणजे आपण जिला बोअरिंग म्हणतो ती. १९३० मध्ये तेथून तीन किलोमीटर लांबीचा नळ शहरात आला. हे गरम पाणी आधी कोणाला द्यायचे? ते मिळाले एका प्राथमिक शाळेला. मग राष्ट्रीय रुग्णालय, पोहण्याचा तलाव आणि साठ-सत्तर घरे यांना. मी शिक्षक असल्यामुळे असेल, पण 'आधी शाळा' हे वाचून मला फार बरे वाटले.

तोपर्यंत शहरातील बाकीची घरे परदेशातून आणलेल्या दगडी कोळशावर तापत. त्या काळातील छायाचित्रांत रेक्याविकवर काळ्या धुराची चादर दिसते. वाफेला धूर समजून ठेवलेले नाव असे दुर्दैवाने खरे ठरले होते. दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये, सुमारे अठरा किलोमीटरवरून आणखी मोठा नळ आला आणि धूर हळूहळू नाहीसा झाला.

पण खेडी आणि लहान गावे मागेच राहिली होती. तेथे घरे तापवायला तेल जाळत. १९७३ मध्ये अरब-इस्राईल युद्धानंतर खनिज तेलाच्या किमती काही महिन्यांत सुमारे चौपट झाल्या. आइसलंडमधील जवळजवळ निम्मी घरे त्या वेळी तेलावर अवलंबून होती. थंडी तर थांबत नाही! तेव्हा सरकारने गावोगावी विहिरी खोदण्यासाठी कर्जे दिली. त्यात एक शहाणपणाची अट होती. विहिरीला गरम पाणी लागले तर कर्ज फेडायचे. विहीर वाया गेली तर कर्ज माफ. बोअरिंग कोरडे गेले म्हणजे घरावर काय वेळ येते, हे मराठवाड्यातील मुलांना सांगायला नको. धोका एकट्या गावाने न घेता सगळ्या देशाने वाटून घेतला, म्हणून लहान गावेही खोदायला धजली.

आता वाफेपासून वीज कशी होते ते समजून घ्या. चुलीवरच्या भांड्याचे झाकण वाफेने उडते हे तुम्ही पाहिले आहे. तीच ही शक्ती. तापलेल्या प्रदेशात दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर खोल विंधन विहिरी घेतात. एवढ्या खोलीवर पाण्याची उष्णता दोनशे अंशांच्याही वर असते, पण वरच्या प्रचंड दाबामुळे ते उकळत नाही. विहिरीतून वर येताना दाब कमी होतो आणि पाण्याचा काही भाग एकदम वाफ होऊन जातो. वाफ आणि पाणी दोन्ही गर्जना करीत बाहेर पडतात. मोठ्या टाकीत त्यांना वेगळे करतात. वाफ नळातून टर्बाइनवर सोडतात. टर्बाइन म्हणजे पाती बसवलेले चक्र. ते गरगर फिरते, त्याला जोडलेले जनित्र फिरते आणि वीज तयार होते. पृथ्वीच्या उष्णतेपासून मिळणाऱ्या या ऊर्जेला भूऔष्णिक ऊर्जा म्हणतात. शब्द अवघड आहे, पण फोडला की सोपा होतो : भू म्हणजे जमीन, उष्ण म्हणजे गरम.

मागे उरलेले गरम पाणीही वाया घालवत नाहीत. त्यात खडकांतील क्षार विरघळलेले असतात. ते तसेच नळात सोडले तर नळ बुजून जातील. म्हणून त्याच्या उष्णतेने दुसरे, स्वच्छ थंड पाणी तापवतात आणि ते शहराकडे पाठवतात. न्येस्यावेट्लिर येथील केंद्रातून रेक्याविककडे येणारा असा एक नळ २७ किलोमीटर लांबीचा आहे. भोवती बर्फ पडत असला तरी एवढ्या प्रवासात पाणी दोन अंशही निवत नाही. आपल्या स्टाफरूममधील थर्मासात चहा मधल्या सुट्टीपर्यंत कोमट होतो, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. घरातील खोल्या गरम करून झाल्यावर जे कोमट पाणी उरते ते काही ठिकाणी फुटपाथखालून फिरवतात, म्हणजे त्यावरचे बर्फ वितळते. काचेच्या घरांत याच उष्णतेवर टोमॅटो आणि काकडी पिकवतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. घरे तापतात ती जमिनीतील उष्णतेने, पण विजेचा मोठा वाटा, सुमारे ७० टक्के, नद्यांचा आहे. उरलेली सुमारे ३० टक्के वीज वाफेची. हिमनद्या वितळून निघालेल्या नद्या डोंगरांवरून धाडधाड खाली येतात. पाण्याचा पहिला उपयोग एका सुताराने केला. त्याचे नाव योहानेस रेक्दाल. त्याने नॉर्वेहून जनित्र मागवले, आपल्या गावातील ओढ्यावर बसवले आणि १२ डिसेंबर १९०४ रोजी स्वतःचा कारखाना व शेजारची पंधरा-सोळा घरे विजेच्या दिव्यांनी उजळली. डिसेंबरात तेथे किती तास अंधार असतो ते वर सांगितले आहेच. त्या संध्याकाळी शेजाऱ्यांना काय वाटले असेल!

पुढे धरणे मोठी होत गेली. थ्योर्सा नदीवरील बूरफेट्ल येथील वीजगृह १९६९ मध्ये सुरू झाले. पण चार लाखांहून कमी माणसांना एवढी वीज कशाला? इथे कथेला वळण मिळते. वीज जहाजात भरून परदेशी पाठवता येत नाही. ॲल्युमिनियम मात्र पाठवता येते. ॲल्युमिनियम तयार करायला अतोनात वीज लागते. एक किलोसाठी सुमारे १४ युनिट. एखाद्या साध्या घराचे तेवढ्यात दोन-तीन दिवस सहज निघतात. म्हणून जहाजांतून कच्चा माल आइसलंडला येतो, तेथे स्वस्त विजेवर त्याचे ॲल्युमिनियम होते आणि ते पुन्हा परदेशी जाते. असे तीन मोठे कारखाने तेथे आहेत. देशातील सुमारे दोन तृतीयांश वीज ॲल्युमिनियमलाच लागते. एका माणसामागे सर्वाधिक वीज वापरणारा देश म्हणून आइसलंडचे नाव घेतात, त्याचे कारण हे. तेथील लोक दिवे उधळतात असा त्याचा अर्थ नाही.

धरण बांधायचे म्हणजे काहीतरी बुडणार. कोयनेच्या खोऱ्यातील लोकांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. आइसलंडमध्ये गुलफॉस नावाचा फार सुंदर धबधबा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी भांडवलदारांना त्यावर वीजगृह बांधायचे होते. जवळच्या शेतावर राहणारी सिग्रीदुर तोमास्दोत्तिर ही शेतकऱ्याची मुलगी याविरुद्ध उभी राहिली. ती वाईट रस्त्यांनी पुन्हा पुन्हा राजधानीपर्यंत गेली आणि तिने कोर्टकचेऱ्या केल्या. धबधब्यात उडी घेईन, पण वीजगृह होऊ देणार नाही, असे तिने बजावल्याचे लोक सांगतात. तिचा वकील पुढे देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. अखेरीस तो करार रद्द झाला. धबधबा आजही कोसळतो आहे आणि त्याच्या काठावर सिग्रीदुरचे स्मारक आहे.

पूर्व भागातील कारान्यूकर येथे मात्र वेगळे घडले. तेथे ॲल्युमिनियमच्या एका कारखान्यासाठी सुमारे १९८ मीटर उंचीचे धरण बांधण्यात आले. वीजगृहाची क्षमता ६९० मेगावॅट. आपल्या कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे, त्यावरून अंदाज करा. सुमारे ५७ चौरस किलोमीटरचे रान पाण्याखाली गेले. तेथे रेनडियर चरत आणि रानहंस घरटी करीत. देशात दोन तट पडले. पूर्वेकडच्या गावांतील तरुण कामासाठी शहरात निघून जात होते. त्यांना कारखाना हवा होता. इतरांना ते रान हवे होते. सप्टेंबर २००६ मध्ये, जलाशयात पाणी अडवायला अवघे दोन दिवस उरले असताना, रेक्याविकच्या रस्त्यांवर हजारो लोकांचा मोर्चा निघाला. पाणी अडवले गेलेच. पुढे खालच्या बाजूचे एक लांबट सरोवर वळवलेल्या नदीच्या पाण्याने अधिक गढूळ झाले आणि त्यातील मासे घटले. कारखान्याने गावांना काम दिले, हेही खरे. कोणाचे बरोबर होते, हे मला या पानावर ठरवता येणार नाही. तुमच्या वर्गात यावर वाद झाला तर दोन्ही बाजूंना बोलू द्या.

नद्यांवरची वीजही शेवटी पावसावर आणि बर्फावर अवलंबून असते. २०२१-२२ च्या हिवाळ्यात जलाशयांत पाणी कमी साठले. तेव्हा माशांची पूड करणाऱ्या कारखान्यांची वीज कापावी लागली आणि ते पुन्हा तेल जाळू लागले. मोटारी व मासेमारीच्या बोटी तर अजूनही बऱ्याच अंशी तेलावरच चालतात.

आता पुन्हा वाफेकडे वळू, कारण खरी झुंज तेथे आहे. उत्तर आइसलंडमध्ये क्राफ्ला नावाचा ज्वालामुखी आहे. तो सुमारे अडीचशे वर्षे शांत होता. तेथे वीज केंद्र उभारायचे ठरले. टर्बाइनांची मागणी नोंदवली, विहिरी खोदायला सुरुवात झाली आणि डिसेंबर १९७५ मध्ये, केंद्राचे काम चालू असतानाच, दोन-तीन किलोमीटरवर जमीन फाटून लाव्हारस बाहेर आला. १९८४ पर्यंत तेथे नऊ उद्रेक झाले. जमीन मंद श्वास घेतल्यासारखी फुगायची आणि बसायची. ज्वालामुखीचे वायू विहिरींत शिरले आणि नळ कुरतडू लागले. सप्टेंबर १९७७ मध्ये तर जवळच्या एका विंधन विहिरीतून पाण्याऐवजी चक्क लाव्हारसाचे तापलेले कण उडाले, सुमारे तीन टन! माणसाने खोदलेल्या भोकातून ज्वालामुखीचा उद्रेक व्हावा, अशी घटना त्यापूर्वी कोणी पाहिली नव्हती. काम मात्र सोडून दिले नाही. केंद्र चालू झाले, पण वाफ पुरेना. विकत घेतलेल्या दोन टर्बाइनांपैकी एक सुमारे वीस वर्षे बसवताच आले नाही. आज क्राफ्ला ६० मेगावॅट वीज देते.

सर्वांत मोठे भूऔष्णिक केंद्र राजधानीपासून सुमारे ३० किलोमीटरवर, हेट्लिसहेइदी येथे आहे. ते २००६ मध्ये सुरू झाले आणि त्याची क्षमता ३०३ मेगावॅट आहे. तेथे जमिनीतून वाफेबरोबर सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू येतो आणि कार्बन डायऑक्साइडही येतो. म्हणजे ही वीज अगदी धुतल्या तांदळासारखी नाही. वापरलेले पाणी पुन्हा जमिनीत सोडायला लागल्यावर २०११ मध्ये भूकंपाचे लहान धक्के बसू लागले. जवळच्या गावातील लोक साहजिकच रागावले. पाणी सोडण्याची पद्धत बदलावी लागली. याच केंद्रात शास्त्रज्ञांनी एक सुंदर प्रयोग केला. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवायचा, जसा तो सोड्याच्या बाटलीत असतो, आणि ते पाणी खोल बसाल्ट खडकात सोडायचे. खडकातील द्रव्यांशी संयोग होऊन त्या वायूचा पांढरा दगड बनतो. याला शेकडो वर्षे लागतील असे वाटत होते. २०१६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की प्रयोगातील ९५ टक्के वायू दोन वर्षांच्या आत दगड झाला. आता हे काम तेथे नेहमीचे झाले आहे.

शेवटी स्वार्त्सेंगीची हकिकत सांगतो. हे केंद्र देशाच्या नैऋत्य टोकाला आहे. १९७६ पासून ते आसपासच्या गावांना गरम पाणी देते आणि वीजही तयार करते. त्याच्या वापरलेल्या पाण्याचे निळसर तळे झाले. ते पाहायला आणि त्यात डुंबायला जगभरातून लोक येतात. जवळच समुद्रकाठी ग्रिंदाविक नावाचे मासेमारीचे गाव आहे. १० नोव्हेंबर २०२३ रोजी तेथे एकसारखे भूकंप होऊ लागले. शिलारस गावाच्या खाली येऊन पोहोचला होता. त्याच रात्री साडेतीन हजारांहून अधिक गावकऱ्यांनी घरे सोडली. डिसेंबरात जमीन फाटली. जानेवारी २०२४ मध्ये लाव्हारसाने गावातील तीन घरे जाळली.

केंद्राभोवती मात्र आधीपासूनच माती-दगडांचे उंच बांध घालायला सुरुवात झाली होती. डंपर आणि बुलडोझर रात्रंदिवस चालत होते. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी लाव्हारस बांधाला वळसा घालून पुढे गेला आणि त्याने गरम पाण्याचा मुख्य नळ गाठला. नळ तुटला. वीस हजारांहून अधिक लोकांच्या घरांत गरम पाणी येणे बंद झाले. बाहेर तापमान शून्याखाली होते. सगळ्यांनी एकदम विजेच्या शेगड्या लावल्या असत्या तर तारा जळाल्या असत्या, म्हणून प्रत्येक घराला थोडीच वीज वापरण्याची विनंती करण्यात आली. लोक एका खोलीत, एका शेगडीभोवती, पांघरुणे घेऊन बसले. शाळा आणि पोहण्याचे तलाव बंद राहिले. कामगारांनी थिजत चाललेल्या लाव्हारसावर भराव टाकून नवा नळ ओढला. चार-पाच दिवसांनी घरे पुन्हा उबदार होऊ लागली.

डिसेंबर २०२३ पासून ऑगस्ट २०२५ पर्यंत त्या परिसरात नऊ उद्रेक झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाव्हारसाने निळ्या तळ्याजवळचा मोटारी उभ्या करण्याचा तळ गिळला. केंद्र मात्र या काळात चालू ठेवण्यात आले. उद्रेकाचा इशारा मिळाला की आतली माणसे बाहेर पडत आणि दूरच्या केंद्रातून यंत्रे चालवत. लाव्हारस बांधाला टेकून थिजला की यंत्रे परत येत आणि बांध आणखी उंच करीत.

हे सगळे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या त्या मुलाकडे मी पाहिले. 'फुकट' हा शब्द तो विसरला असावा. त्याने विचारले, "सर, मग ग्रिंदाविकची मुले आता कोणत्या शाळेत जातात?" मी सांगितले, ज्या गावांत त्यांना घरे मिळाली, त्या गावांतील शाळांत.